चाप ओढणाऱ्याला चाप

व्हँकुव्हरच्या विमानतळावर सामानाचा पट्टा फिरतो तो भाग कस्टम्सच्या आत आहे. घ्यायला आलेल्या माणसांना तिथवर जाता येत नाही. एका आईला हे माहीत नव्हतं. कॅनडातल्या कॅमलूप्स गावात राहणाऱ्या या पोलिश बाईने आपल्या मुलाला बजावून सांगितलं होतं, की बॅगा येतात तिथेच थांब, मी येते. मुलाचं नाव रॉबर्ट जेकान्स्की, वय 40. पोलंडहून कायमचा आईकडे राहायला निघालेला. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेला, आणि पोलिशखेरीज एकही भाषा न येणारा. सांगितल्याप्रमाणे तो पट्ट्यापाशी थांबला. दुपारी उतरलेला माणूस रात्र पडली तरी तिथेच. भिंतीपलीकडे आई ताटकळत होती, ज्याला त्याला विचारत होती. शेवटी रात्री तिला सांगण्यात आलं, की तुमचा मुलगा इथे नाही. ती शेकडो किलोमीटर गाडी हाकत परत गेली.

मध्यरात्र उलटल्यावर रॉबर्ट बिथरला. त्याने खुर्च्या आडव्या लावल्या, एक छोटं टेबल आपटलं, कॉम्प्युटर फेकला. काचेपलीकडून एक बाई खुणांनी त्याची समजूत घालत होती आणि तो तेवढ्यापुरता निवळतही होता. 14 ऑक्टोबर 2007च्या पहाटे दीडच्या सुमारास रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस दलाचे लोक आले. त्याने हात वर केल्यासारखं केलं, मागे सरला, काउंटरवरचा स्टेपलर हातात घेतला. पोलीस समोर येऊन अर्धं मिनिटही झालं नव्हतं. टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारी बंदूक, चालली. तो किंचाळत कोसळला आणि तिथेच, त्या फरशीवर, मेला. अंगात दारूही सापडली नाही आणि ड्रग्जही नाहीत.

पोलिसांच्या प्रवक्त्याने सांगितलं, की तीन पोलीस होते, माणूस आवरत नव्हता, दोनदा झटका द्यावा लागला. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण एका प्रवाशाने हे सगळं आपल्या कॅमेऱ्यात टिपलं होतं. पोलिसांनी ते चित्रण तपासासाठी म्हणून घेतलं आणि परत द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा त्याने वकील गाठला. महिन्याभराने चित्रण जगाने पाहिलं. पोलीस तीन नव्हते, चार होते.

आपल्याकडे आईवडिलांना पहिल्यांदा एकटं परदेशी पाठवताना मुलं त्यांच्या पर्समध्ये एक कागद घालून देतात. ‘मला इंग्रजी येत नाही, कृपया या नंबरवर फोन करा.’ तो कागद लिहिताना माझ्या मनात दर वेळी हा पोलिश माणूस येतो. त्याच्या खिशात असा कागद असता तरी तो वाचायला कुणी थांबलं असतं का, हा प्रश्न वेगळा.

ही टेझर म्हणजे नेमकं काय, ती कुठे उपयोगी, कुठे घातकी, आणि तिच्यावर नियम कसले हवेत, ते नीट बघू.

टेझर हे खरं तर एका कंपनीच्या मालाचं नाव. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणायचो, तसं हे नाव सगळ्या स्टन गनना चिकटलं. जॅक कव्हर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1970च्या दशकात हे यंत्र बनवलं आणि लहानपणी वाचलेल्या साहसकथांच्या नायकाच्या नावावरून त्याचं बारसं केलं. त्याच्या यंत्रात बाण उडवायला बंदुकीची दारू वापरली होती, त्यामुळे अमेरिकी सरकारने त्याला बंदुकीतच मोजलं आणि बंदुकीचे सगळे निर्बंध लागू केले. पुढे 1993मध्ये ॲरिझोनातल्या दोन भावांनी कंपनी काढली आणि दारूच्या जागी दाबलेला नायट्रोजन वायू वापरला. दारू गेली, तसे बंदुकीचे निर्बंधही गेले. विजेचा झटका तोच, माणूस तोच, फक्त बाण ढकलणारी शक्ती बदलली. कायद्याच्या व्याख्येत केवढी भोकं असतात, त्याचा याहून बोलका नमुना मला माहीत नाही. या कंपनीचं नाव आता ॲक्सॉन आहे आणि पोलिसांच्या अंगावरचे कॅमेरेही तीच विकते. म्हणजे झटका देणारं यंत्र आणि झटक्याचा साक्षीदार, दोन्ही एकाच दुकानातले.

यंत्र कसं चालतं? पिस्तुलासारखा आकार. चाप ओढला की दोन बारीक बाण सुटतात. गळाला असतो तसा त्यांच्या टोकाला आकडा असतो, मागे केसाएवढी तार, आणि ती तार थेट बंदुकीला जोडलेली. दोन्ही बाण कपड्यात किंवा कातडीत रुतले की मंडल पूर्ण होतं आणि वीज वाहू लागते. एकच बाण लागला तर काही होत नाही. बल्बची एक वायर सुटली तर तो पेटत नाही, तसंच.

50,000 व्होल्ट हा आकडा बातमीत नेहमी येतो आणि वाचणारा दचकतो. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. गच्चीवरची टाकी किती उंच आहे, त्यावर नळाच्या पाण्याचा जोर ठरतो, तसा. पण माणूस किती भिजेल, हे नळ किती वेळ आणि किती उघडा आहे त्यावर. टेझरला एवढा दाब लागतो तो जाड जॅकेट आणि कातडी यांच्यामधली हवा ओलांडण्यासाठी. प्रत्यक्ष शरीरात पोचतो तो दाब त्याच्या कितीतरी पट कमी, हजार-बाराशे व्होल्टच्या घरात. प्रवाह सलग नसतो. सेकंदाला साधारण 19 ठोके, आणि एकेक ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढा. सरासरी काढली तर प्रवाह दोनेक मिलिअँपिअर भरतो. वीज गळली की ती तोडणारा घरातला ईएलसीबी 30 मिलिअँपिअरला पडतो, हे लक्षात घेतलं तर ‘हे यंत्र जीव घेत नाही’ या दाव्याला आधार कुठला, ते कळतं. दावा सपशेल खोटा नाही. अर्धवट आहे.

हे ठोके मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या संदेशांची नक्कल करतात. सगळे स्नायू एकदम आखडतात, माणूस ओंडक्यासारखा आडवा होतो. पण त्यासाठी दोन बाणांमध्ये अंतर हवं, साधारण फूटभर तरी. पोलिसांकडे वर्षानुवर्षं असलेल्या एक्स-26 या मॉडेलमध्ये खालचा बाण थोडा तिरपा सुटतो, त्यामुळे दर सात फुटांमागे दोन बाण फूटभर फाकतात. दोन-तीन फुटांवरून मारलं तर बाण जवळजवळ रुततात. मग दुखतं मरणाचं, पण माणूस पडत नाही. पोलिसाला वाटतं, हा दाद देत नाही, अंगात काही तरी संचारलंय याच्या. तो पुन्हा चाप ओढतो. प्रत्यक्षात चूक अंतराची असते.

शिवाय यात एक दुसरी रीत आहे. बाण न सोडता यंत्राचं तोंडच अंगाला टेकवायचं आणि चाप ओढायचा. यात स्नायू आखडत नाहीत, माणूस जायबंदी होत नाही. फक्त वेदना होते. म्हणजे समोरच्याला रोखण्यासाठी हे कामाचंच नाही. ‘ऐकतोस की नाही’ म्हणण्यासाठी आहे. आपल्या लॉकअपमध्ये ‘शॉक देणं’ म्हणतात, त्याचीच ही बॅटरीवरची आवृत्ती. संयुक्त राष्ट्रांच्या छळविषयक विशेष प्रतिवेदक ॲलिस जिल एडवर्ड्स यांनी 2023मध्ये ज्या साधनांचं उत्पादन आणि व्यापार सरळ बंद करावा असं सुचवलं, त्यांत अंगाला टेकवून शॉक देणारी साधनं आहेत. दुरून बाण मारणारी टेझर आणि टेकवायची काठी यांत त्यांनी केलेला हा भेद मला योग्य वाटतो. सगळ्याला एकाच मापाने मोजलं, की पोलीसही ऐकत नाहीत आणि टीकाकारांचाही मुद्दा वाहून जातो.

चाप एकदा ओढून सोडला की झटका पाच सेकंद चालतो. दाबून ठेवला, तर जुन्या मॉडेलमध्ये बोट उचलेपर्यंत चालूच राहतो. पाच सेकंद वाचायला किरकोळ वाटतात. घड्याळाकडे बघत, सगळं अंग आवळून पाच मोजा. मग तीस मोजा.

माणसं मरतात ती बऱ्याचदा विजेने नव्हे, पडण्याने. आपण ठेच लागून पडतो तेव्हा हात आपोआप पुढे येतात. टेझर लागलेल्याचे हात आखडलेले असतात, म्हणून डोकं थेट जमिनीवर. सप्टेंबर 2008मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक मनोरुग्ण माणूस इमारतीच्या अरुंद कठड्यावर उभा असताना त्याच्यावर टेझर चालवली. तो दहाएक फुटांवरून डोक्यावर पडला आणि गेला. खाली गादी नव्हती, जाळी नव्हती. उंचावर उभ्या असलेल्यावर टेझर मारू नये, हे न्यूयॉर्क पोलिसांच्याच नियमांत होतं. दुसरा धोका ठिणगीचा. 2021मध्ये त्याच राज्यातल्या कॅटस्किल गावी पोलीस ठाण्यातच एकाने स्वतःवर हँड सॅनिटायझर ओतून घेतलं होतं. त्याला टेझर मारली, तो पेटला आणि काही आठवड्यांनी रुग्णालयात वारला. सॅनिटायझर म्हणजे अल्कोहोल, हे करोनानंतर शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

तिसरा धोका हृदयाचा. इथे वाद आहे, आणि तो प्रामाणिक वाद आहे. निरोगी स्वयंसेवकांवर, पोलिसांवर प्रशिक्षणात हजारो वेळा हे झटके दिले गेलेत आणि ते उठून हसत निघून गेलेत. पण प्रशिक्षणात बाण बहुधा पाठीत बसतात, झटका एकदाच असतो, दोन बाजूंना धरायला दोघे असतात, खाली मॅट असते. रस्त्यावरचा माणूस धावून दमलेला, घाबरलेला, कधी नशेत, कधी हृदयविकाराचा. बाण छातीत हृदयाच्या आसपास रुतले, तर ठोक्यांची लय बिघडू शकते, असं हृदयरोगतज्ज्ञांनी मांडलं. कंपनीने स्वतःच 2009मध्ये प्रशिक्षणाच्या पत्रकात छातीवर नेम धरणं टाळा, असा सल्ला दिला. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने 2017मध्ये अमेरिकेतले 1,005 मृत्यू एकत्र केले, ज्यांत पोलिसांनी टेझर वापरली होती. त्यांतल्या 153 प्रकरणांत शवविच्छेदनाच्या अहवालात टेझरचा कारण म्हणून किंवा कारणांपैकी एक म्हणून उल्लेख होता. सगळ्या हजाराचं खापर टेझरवर फोडणं चूक. बऱ्याच जणांना मारही बसला होता, दाबून धरलंही होतं. पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. मेलेल्यांतल्या दर दहांपैकी नऊ निःशस्त्र होते आणि चारांतला एक मनोविकार किंवा मज्जासंस्थेच्या आजाराने ग्रासलेला होता.

या मृत्यूंना कित्येक वर्षं एक सोयीचं नाव होतं, ‘एक्सायटेड डिलिरियम’. माणूस इतका खवळला, की खवळण्यानेच मेला, असा त्याचा मथितार्थ. गंमत अशी, की हा आजार बहुतेक वेळा पोलिसांच्या हाताखाली असतानाच व्हायचा. अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकाच्या डॉक्टरांच्या संघटनेने या निदानाला बळ देणारा आपला 2009चा निबंध 2023मध्ये मागे घेतला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने मृत्यूचं कारण म्हणून हे नाव लिहायला कायद्याने बंदी केली.

टेझर विकताना आणि विकत घेताना एकच युक्तिवाद असतो: गोळीपेक्षा झटका बरा. याला कोण नाही म्हणेल? हातात सुरा घेऊन अंगावर येणाऱ्याला गोळी घालण्याऐवजी टेझरने पाडलं, तो दुसऱ्या दिवशी जिवंत आहे, तर ते यंत्र सत्कारणी लागलं. ब्रिटनच्या आकडेवारीत टेझर ‘वापरली’ अशी नोंद होते त्यांतल्या बहुसंख्य वेळा ती झाडलेलीच नसते. नुसती बाहेर काढली, छातीवर लाल ठिपका पडला, तेवढ्यावर माणूस खाली बसतो. झाडली जाते ती दहातून एखाद्या वेळी. हेही सांगायला हवं.

पण तुलना गोळीशी करायची असेल, तर विचारायचा प्रश्न असा: टेझर नसती, तर या पोलिसाने इथे गोळी घातली असती का? व्हँकुव्हरला स्टेपलर धरलेल्या माणसाला गोळी घातली असती? नाही. बोलले असते, दुभाषा शोधला असता, फार तर चौघांनी मिळून हात धरले असते. शिकागो पोलिसांनी 2010 पासून टेझर मोठ्या प्रमाणावर वाटल्या. त्यावर नंतर झालेल्या अभ्यासात पोलिसांना होणाऱ्या इजा घटलेल्या दिसल्या, पण गोळीबार घटलेला दिसला नाही. म्हणजे टेझर पिस्तुलाची जागा घेत नव्हती. ती घेत होती हाताची, जिभेची आणि धीराची जागा.

ऑस्ट्रेलियातल्या कुमा गावची गोष्ट घ्या. 17 मे 2023, पहाटेची वेळ, वृद्धाश्रम. क्लेअर नाउलँड, वय 95, वजन पन्नास किलोच्या आत, स्मृतिभ्रंशाची लक्षणं. वॉकर धरून त्या आश्रमात फिरत होत्या आणि हातात स्वयंपाकघरातला सुरा होता. कर्मचाऱ्यांनी मदत मागितली, पोलीस आले. सुरा खाली ठेवा म्हणून सांगितलं. त्यांनी ठेवला नाही. वॉकरसकट पाऊलभर पुढे आल्या असतील. तीन मिनिटंही गेली नव्हती. पोलीस शिपाई क्रिस्टियन व्हाइट वैतागून ‘छे, जाऊ दे’ अशा अर्थाचं काहीसं पुटपुटला आणि त्याने चाप ओढला. म्हातारी पडली, डोकं आपटलं, आठवड्याने गेली.

आपल्या कुणाच्याही घरात अशी आजी झालेली असते. विळी घेऊन बसते, देत नाही, ‘तू कोण मला सांगणार’ म्हणते. घरातली सून काय करते? चहा करून आणते. खुर्ची पुढे सरकवते. दार लोटून पाच मिनिटं बाहेर थांबते. व्हाइटच्या कमरेला टेझर नसती, तर त्यालाही यातलंच काही तरी सुचलं असतं. 2024च्या नोव्हेंबरमध्ये ज्युरीने त्याला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. 2025मध्ये शिक्षा झाली ती समाजसेवेची, तुरुंगाची नव्हे. आणि न्यू साउथ वेल्स पोलिसांच्या सूचनांत वृद्धांवर टेझर वापरू नये, हे आधीच लिहिलेलं होतं. पुढे शेपूट होतं, ‘अपवादात्मक परिस्थिती वगळता’. सरकारी कागद वाचणाऱ्या मराठी माणसाला या शेपटाची किंमत वेगळी सांगायला नको.

म्हणून नियम नुसता असून भागत नाही, त्याचे शब्द कसे आहेत ते बघावं लागतं.

पहिला शब्द उंबरठ्याचा: चाप कधी ओढायचा? ‘माणूस प्रतिकार करत असेल तर’ असं लिहिलं, की हात सोडवून घेणाराही त्यात बसतो आणि खांबाला मिठी मारणाराही. जेकान्स्की प्रकरणानंतर ब्रिटिश कोलंबिया प्रांताने निवृत्त न्यायमूर्ती थॉमस ब्रेडवुड यांची चौकशी नेमली. त्यांनी 2009च्या अहवालात उंबरठा वर नेला: समोरचा माणूस कुणाला शारीरिक इजा करत असेल किंवा आता लगेच करणार असेल, आणि त्याहून सौम्य उपाय चालणार नसेल, तरच. सूचना केवळ एवढीच नव्हती. पाच सेकंदांच्या एका झटक्यावर थांबा, यंत्रांची नियमित तपासणी करा, हृदय सुरू करणारं यंत्र जवळ ठेवा, मनोरुग्णाशी बोलायचं शिक्षण सगळ्यांना द्या, हेही होतं. तपासणीची गरज हवेतली नव्हती. कॅनडाच्या सीबीसी या प्रसारण संस्थेने 2008मध्ये 44 टेझर प्रयोगशाळेत तपासून घेतल्या. 41 चालल्या, आणि त्यांतल्या चार कंपनीने सांगितलेल्या मापापेक्षा जास्त वीज सोडत होत्या. आपल्याकडे भाजीवाल्याचं वजनमापही ठरावीक काळाने शिक्का मारून घ्यावं लागतं. कंपनी ब्रेडवुड यांच्या अहवालाविरुद्ध कोर्टात गेली आणि हरली.

दुसरा शब्द घड्याळाचा. अमेरिकेतल्या पोलीस अधिकाऱ्यांच्याच एका संशोधन संस्थेने 2011मध्ये सांगितलं, की एकूण 15 सेकंदांपलीकडे धोका वाढतो. हे मानवाधिकारवाले बोलत नव्हते, पोलीस बोलत होते. यावर यांत्रिक उपायही आहे: पाच सेकंदांनी वीज आपोआप तुटते अशा बॅटऱ्या मिळतात. चाप दाबून ठेवला तरी पुढे काही होत नाही. खरेदी करतानाच तशी अट घालता येते.

तिसरी गोष्ट कमरेची. 2021च्या एप्रिलमध्ये मिनेसोटातल्या ब्रुकलिन सेंटरला किम पॉटर ही 26 वर्षं नोकरी झालेली पोलीस अधिकारी ‘टेझर, टेझर’ ओरडत डाँटे राइट या 20 वर्षांच्या तरुणावर पिस्तूल झाडून बसली. तो गेला, ती तुरुंगात गेली. पिस्तूल एका बाजूला, टेझर दुसऱ्या, रंग वेगळा, वजन वेगळं, तरी हे झालं. यावर सराव हाच उपाय. याहून जास्त यात सांगण्यासारखं नाही.

नियम लेखी आणि स्पष्ट का हवेत, ते अमेरिकेतल्या दोन निकालांतून दिसतं. 2005मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉरोनाडो इथे सीटबेल्ट न लावल्याबद्दल एका तरुणाला अडवलं. तो चड्डी-बुटांवर होता, गाडीतून उतरून स्वतःच्याच मांड्यांवर बुक्क्या मारत बडबडत होता, पोलिसापासून वीसेक फूट लांब. टेझर लागली, तोंडावर पडला, पुढचे चार दात तुटले. अपील न्यायालय म्हणालं, हे बळ अवाजवी होतं. आणि पुढे म्हणालं, पण त्या दिवशी कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता, म्हणून अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. 2011मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्ट इथे रुग्णालयाबाहेर एका मनोरुग्णाने पाटीच्या खांबाला मिठी मारली. त्याला सोडवायला दोन मिनिटांत पाच वेळा टेझर अंगाला टेकवली. तो मेला. 2016मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने तेच सांगितलं: चूक झाली, पण तेव्हा नियम स्पष्ट नव्हता. अमेरिकेत 18,000च्या आसपास पोलीस खाती आहेत आणि टेझर कधी वापरायची याचे नियम बहुतांशी ज्याचे त्याचे. ब्रिटनमध्ये उलट आहे. तिथे टेझर 1968च्या फायरआर्म्स कायद्याखाली सर्वसामान्यांसाठी बंदी असलेलं शस्त्र आहे, पोलिसांनी कुठलं मॉडेल वापरायचं ते गृहमंत्री ठरवतात आणि नुसती बाहेर काढली तरी नोंद करावी लागते.

आपल्या शिपायाच्या कमरेला टेझर रोज दिसत नाही. हातात काठी असते. काठीला एक गुण आहे, ती वळ उठवते. वळ दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटला दाखवता येतो, डॉक्टरला लिहावा लागतो. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेतल्या माणसाची दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी सांगितली, ती याच भरवशावर, की माराच्या खुणा राहतात. झटका दोन बारीक टिंबं सोडून जातो. मुंगी चावल्यासारखी. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर 1997मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अजून दिलेली नाही, आणि छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. उद्या कुठल्याही राज्याने ही यंत्रं मागवली, तर निविदेत किमतीच्या रकान्याआधी दोन रकाने हवेत: झटका आपोआप तुटतो का, आणि यंत्रातली नोंद कुणाच्या ताब्यात राहणार.

कारण नोंद असते. या यंत्राला स्मरणशक्ती आहे. चाप केव्हा ओढला आणि वीज किती सेकंद चालू होती, हे सगळं आत साठतं; तार जोडून वाचता येतं. एक्स-26सारख्या टेझरचं काडतूस फुटलं की बाणांबरोबर कागदाच्या वीस-तीस चिमुकल्या टिकल्याही उडतात, लग्नात अक्षता उडाव्यात तशा, आणि प्रत्येकीवर त्या काडतुसाचा क्रमांक छापलेला असतो. सगळ्या वेचून न्यायच्या म्हटलं तरी एखादी फटीत राहते.

15 ऑगस्ट 2016च्या रात्री इंग्लंडमधल्या टेलफर्डला, वडिलांच्या घरासमोर, डेलियन ॲटकिन्सन हा एके काळचा ॲस्टन व्हिलाचा फुटबॉलपटू आजारपणात भ्रमिष्ट अवस्थेत होता. दोनदा टेझर मारून तो पडला नाही. तिसऱ्या वेळी पडला, आणि मग त्याच्या डोक्यात लाथाही बसल्या. बेंजामिन मंक या पोलिसाला 2021मध्ये सदोष मनुष्यवधासाठी आठ वर्षं झाली. कोर्टापुढे तिसऱ्या झटक्याची लांबी आली ती यंत्राच्या नोंदीतून: 33 सेकंद.

व्हँकुव्हरच्या चौघांवर जेकान्स्कीच्या मृत्यूबद्दल गुन्हा दाखल झाला नाही. ब्रेडवुड यांच्यापुढे शपथेवर खोटं बोलल्याबद्दल दोघांना तुरुंगवास झाला, तो 2017मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. दोनदा झटका दिला, असं पोलिसांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. यंत्राच्या पोटातली नोंद उघडली तेव्हा चाप ओढल्याच्या ओळी पाच होत्या, आणि सेकंदांची बेरीज 31.